अभंग गाथेत आहे, चाल कंठात आहे
(कलशारोहण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विठुरायाच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या घामाच्या पैशाने आज देवळावर कळस चढला. शिखराचे व सभामंडपाचे कौतुक माझ्या आधीच्या वक्त्यांनी केलेच आहे. मला दोन शब्द बोलायचे आहेत ते आपल्या भजनाविषयी.

गाव सोडून मुंबईस गेलेल्या माणसाला गाव आठवते कशाने? फोटो पाहायचा तर तो मुद्दाम काढून पाहावा लागतो. चाल मात्र न विचारता आत शिरते. लालबाग-परळच्या गिरण्यांत आपली माणसे होती, तेव्हा एकेका खोलीत पाळीपाळीने निजत. अंग टाकायला जागा नसे, पण एकादशीच्या भजनाला जागा होई. गावची चाल उचलली, की रात्रपाळी करून आलेला गडी भिंतीला टेकून डोळे मिटी. देहाने परळात, मनाने या मंडपात! १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, माणसे पांगली. पण त्याच चालीवर वाढलेल्या कित्येकांची नावे आज आपल्या पावतीपुस्तकात आहेत.

आपल्या माऊल्यांचेही तेच. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण म्हणतो ते खोटे नाही. नुसते ‘ओवी सांगा’ म्हटले तर म्हातारी हसते. खुंट्याला हात लागला की आई, माहेर, भाऊ सगळे एकापाठोपाठ येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरणीचे पीठ आले आणि बायांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण गाणे बंद पडले ते पडलेच.

१९५५ सालच्या रामनवमीला, १ एप्रिल रोजी, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, एकूण ५६ गीते. आज ऐंशीच्या पुढचा माणूस त्यातले एखादे गीत ऐकतो, तेव्हा रेडिओ कोणाच्या घरी होता आणि ओट्यावर शेजारी कोण बसले होते, हेही त्याला दिसू लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठात २००९ साली यावर संशोधन झाले. ओळखीचे गाणे आणि स्वतःच्या आयुष्यातली आठवण यांची गाठ कपाळामागच्या मेंदूच्या भागात पडते, असे त्यात दिसले. विस्मरणाच्या रोगात हा भाग बराच उशिरा झिजतो, असेही ते शास्त्रज्ञ सांगतात. घरची माणसे न ओळखणारा म्हातारा भजनात टाळी बरोबर धरतो, त्याचे कारण कदाचित हेच असावे.

आता मुद्द्याचे बोलतो. अभंग गाथेत छापलेले आहेत, ते कुठे जात नाहीत. आपल्या काकड्याची चाल मात्र कुठेच छापलेली नाही. ती चार-पाच वृद्धांच्या कंठात आहे. पखवाजाला कणीक किती लावायची, हे हाताला कळणारा गावात एकच माणूस उरला आहे. आरतीला विजेवर चालणारा नगारा आणावा, अशी सूचना समितीपुढे आली आहे. वाजवायला कोणी नसते, ही अडचण खरी आहे. सूचना करणाऱ्याला मी नावे ठेवत नाही. पण तो नगारा शेजारच्या गावातही तसाच वाजतो. आज दहा वर्षांचे असलेले पोर उद्या पुण्याला किंवा दुबईला गेले, तर त्या आवाजाने त्याला कोणते गाव आठवणार?

म्हणून समितीला माझी हात जोडून विनंती आहे. नगाऱ्याचे पैसे पखवाजाच्या नव्या पुडीला व टाळांच्या चार जोड्यांना लावावेत. मोबाईलवर चाली टिपून ठेवाव्यात, तेही हवेच. परंतु येत्या कार्तिकातल्या काकड्याला निदान सहा पोरे, आणि त्यांत मुलीही, वृद्धांच्या शेजारी बसवावीत. पहाटे उठवण्याचे काम आयांनी अंगावर घ्यावे. पहिल्या वर्षीच्या चहा-दुधाचा खर्च माझ्याकडे लागला.

रामकृष्ण हरि.