रस्ता, रानवाट आणि मोटारसायकल

रत्नागिरी शहराबाहेर पडलें कीं एकाच प्रवासांत वाटेचीं अनेक रूपें भेटतात. हातखंबा, पाली, साखरपा अशीं गांवें घेत आंबा घाटानें कोल्हापुरास जाणारा रस्ता पक्का. परंतु त्याला उजवीडावीकडे फुटणारे फांटे कोठें खडीचे, कोठें तांबड्या मातीचे, तर कोठें थेट सड्यावरून जाणारे आहेत. सडा म्हणजे जांभ्या खडकाचें उघडें पठार. उन्हाळ्यांत त्यावरील सुटे खडे चाकाखालीं गोट्यांसारखे घरंगळतात. पावसाळा लागला म्हणजे त्याच जांभ्यावर शेवाळ चढतें. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणारा हा मुलूख आहे.

अशा ठिकाणचा एक तरुण डोळ्यांपुढें आणावा. त्याची नोकरी शहरांत, वडिलोपार्जित घर सड्यापलीकडच्या वाडींत. सहा दिवस डांबरावर आणि सातवा मातीवर, असा त्याचा क्रम. दोन्हीकडे चालेल अशी एकच मोटारसायकल त्याला घ्यावयाची आहे. दुकानांत शिरतांच तो इंजिनाचा आंकडा विचारतो. चुकीचा आरंभ होतो तो येथेंच.

या जातीचें वाहन जगांत नवें नाहीं. जपानच्या यामाहा कंपनीनें १९६८ सालीं २५० सी. सी.ची डीटी-१ अमेरिकेच्या बाजारांत आणली. ज्या गाडीनें कामावर जावें तिच्यावरच सुटींत रानांत शिरावें, ही सोय तिनें सामान्य माणसाच्या आटोक्यांत आणली. भारतांत हीरो कंपनीची १५० सी. सी.ची इम्पल्स २०११ सालीं निघाली आणि थोड्याच वर्षांत बंद झाली. पुढें २०१६ सालीं रॉयल एनफील्डची हिमालयन व २०१९ सालीं हीरोची एक्सपल्स २०० आली, आणि हा प्रकार येथें रुजला.

या गाडीची ठेवण वेगळी कां, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. हिचें पुढचें चाक बहुधा २१ इंचांचें असतें. मोठें चाक धोंड्यावर आपटत नाहीं, त्यावर चढतें. आऱ्यांचें चाक धक्का लागतां थोडें लवतें, सहसा तडकत नाहीं. इंजिनाचा तळ जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंच ठेविलेला असतो, म्हणून वाटेंतला दगड त्यास लागत नाहीं. परंतु तळ उंच गेला आणि धक्के झेलणारे दांडे लांब झाले, कीं बैठकही उंच जाते. बैठक उंच गेली, कीं बेताच्या उंचीच्या माणसाचे पाय जमिनीस पुरते टेकत नाहींत. म्हणजे गुण आणि अडचण हीं एकाच मुळाचीं दोन फळें आहेत. एक घेतलें तर दुसरें घ्यावेंच लागतें.

दोन गाड्या शेजारीं उभ्या केल्या म्हणजे हा हिशेब स्पष्ट होतो. २०१९ची एक्सपल्स २०० सुमारें १८ अश्वशक्तीची. तिचें वजन १५४ किलो आणि बैठक ८२३ मिलिमीटर उंच. २०२३च्या अखेरीस आलेली ४५२ सी. सी.ची नवी हिमालयन ४० अश्वशक्तीची. तिचें वजन १९६ किलो आणि बैठक कमींत कमी ८२५ मिलिमीटर. बैठकींत फरक नाममात्र, शक्ति दुपटीहून अधिक, आणि वजनांत ४२ किलोंचें अंतर. मागें माणूस बसवून वरचेवर पुण्यास किंवा कोल्हापुरास जाणाऱ्यास दुसरी गाडी खरोखरच सुखाची. घाटाच्या चढणीवर ती धापा टाकीत नाहीं. पण सड्यावरून वाडीस एकट्यानें जाणाऱ्यास ते ४२ किलो आधीं मोजावे लागतात.

कारण रानवाटेवर गाडी पडते. अनाड्याचीही पडते आणि सरावलेल्याचीही पडते. आषाढांतली संध्याकाळ, सड्यावर धुकें, हांक मारली तर ऐकावयास कोणी नाहीं, आणि गाडी आडवी झालेली. अशा वेळीं चाळीस अश्वशक्तीचा उपयोग नसतो. उपयोग असतो तो उचलणाराच्या मांड्यांतील शक्तीचा. म्हणून विकत घेण्यापूर्वीं तीच गाडी बाळगणाऱ्या एखाद्या परिचिताकडे जावें, गाडी मऊ मातीवर आडवी करावी आणि एकट्यानें उचलून पाहावी. इंजिन बंद असावें, गाडी गिअरमध्यें असावी. पाठ बैठकीस टेकावी, एका हातानें हॅण्डल व दुसऱ्या हातानें मागची चौकट धरावी, आणि कमरेवर भार न घेतां पायांच्या जोरावर मागें मागें सरकत उठावें. दोनदां उचलली गेली तर गाडी आपली. न उचलली गेली तर तिची कीर्ति कितीही मोठी असो, ती दुसऱ्याची.

याखालोखाल टायर आणि ब्रेक पाहावे. खोल खांचांचा टायर मातींत नखासारखा रुततो, पण ओल्या डांबरावर त्याची पकड उणी पडते व तो लवकर झिजतो. सहा दिवस डांबर असणारानें मध्यम खांचांचा टायर पत्करावा. एबीएस म्हणजे चाक जखडूं न देणारी ब्रेकची योजना. डांबरावर ती प्राण वांचविते. मात्र सुट्या खडीच्या उतारावर तिच्यामुळें गाडी थांबावयास अधिक अंतर लागतें. म्हणून मागच्या चाकाची ही योजना गरजेपुरती बंद करतां येते कीं नाहीं, तें विचारून घ्यावें. आऱ्यांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते. तेव्हां जादा ट्यूब, हातपंप आणि पंक्चर काढण्याची विद्या हीं तिन्हीं पदरीं हवींत. हलक्या गाडीनें जे पैसे वांचतील, ते उत्तम शिरस्त्राण व घोट्यावर येणारे बूट यांवर खर्चावे.

इतकें साधल्यावर एक मोह उरतो. जी गाडी कोठेंही जाऊं शकते, ती सर्वत्र नेण्याचा. उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, कशेळी, बारसू येथील सड्यांवर प्राचीन माणसानें कोरलेलीं कातळशिल्पें आहेत. २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादींत त्यांचा समावेश झाला. त्यांतील रेषा जमिनीलगतच आहेत; वरून गेलेल्या चाकास त्या दिसतही नाहींत. पावसाळ्यांत त्याच खडकावरील बोटभर मातींत सीतेचीं आसवें फुलतात. एका टायरच्या घसटीनें तो थर उखडून वाहून जातो.

म्हणून तो तरुण शेवटीं जी गाडी घरीं आणील, ती त्याला एकट्यानें उचलतां येईल अशी असावी. आणि सड्याच्या कडेशीं पायवाट संपली म्हणजे ती उभी करून पुढचें अंतर पायीं चालण्याची त्याची तयारी असावी. या दोन गोष्टी जमल्या, तर निवड बरोबर झाली असें म्हणावें.