वेदी गेल्यानंतर

इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर जाळलें आणि इस्राएल लोकांचा शतकानुशतकें चालत आलेला पशुयज्ञ बंद पडला. ज्यांचा सारा उपासनाविधि त्या वेदीभोंवतीं उभा होता, त्यांनीं आतां देवाजवळ जावें तरी कसें? हा प्रश्न त्या पिढीला पडला. तो आजच्या श्रद्धाळु माणसालाही सुटलेला नाहीं.

अर्पणाला हिब्रू भाषेंत 'कोर्बान' असें नांव आहे. त्या शब्दाच्या मूळ धातूचा अर्थ 'जवळ येणें' असा होतो. लेवीय ग्रंथाच्या पहिल्या सात अध्यायांत होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण व दोषार्पण असे पांच प्रकार वर्णिले आहेत. पशु अव्यंग असावा लागे. लंगडें किंवा आजारी जनावर देवाच्या वांट्याला देणें निषिद्ध होतें. होमार्पण करणारा मनुष्य पशूच्या मस्तकावर स्वतः हात ठेवी. रक्तांत प्राण असतो आणि प्राण देवाचा, म्हणून रक्त खाण्याची सक्त मनाई होती.

या नियमांपैकीं दोन विशेष मनन करण्याजोगे आहेत. कांहीं पापांच्या प्रायश्चित्तासाठीं मेंढी वा बकरी सांगितली आहे. ती परवडत नसेल त्यानें दोन होले किंवा पारव्याचीं दोन पिलें आणावीं. तेंही न जमल्यास एफाचा दहावा हिस्सा सपीठ आणावें; त्यांतलें मूठभर वेदीवर जळे. त्यालाही क्षमा तीच. दुसरा नियम दोषार्पणाचा. ज्यानें शेजाऱ्याचें द्रव्य लुबाडलें, त्यानें तें सर्व, वर पांचवा हिस्सा घालून, धन्यास परत करावें आणि मेंढा अर्पण करावा. परतफेडीपूर्वींच अर्पण आणलें, तर तें व्यर्थ, असा मिश्नाचा निर्वाळा आहे. आमोस, यशया, होशेय या संदेष्ट्यांचा कोप याच ठिकाणीं होता: वेदीवर धूर आणि वेशींत अन्याय!

मंदिर गेल्यावर योहानान बेन झक्कई यांनीं शिष्यांस धीर दिला कीं, दयेचीं कृत्यें हेंच यापुढें प्रायश्चित्त होय. नित्याच्या दोन होमांच्या जागीं सकाळची व दुपारची प्रार्थना आली. पुढें मायमोनिडीज (११३८–१२०४) यांनीं यज्ञ ही लोकांच्या जुन्या संवयींना दिलेली सवलत मानली. नाखमानिडीज यांना तें पटलें नाहीं. पशूच्या जागीं वस्तुतः आपण असावयास हवें होतें, हें पाप्याला कळावें, यांत त्यांना यज्ञाचें मर्म दिसलें. ख्रिस्ती श्रद्धेनें येशूच्या मरणांत सर्व यज्ञांची एकदांच झालेली पूर्तता पाहिली. सनातनी यहुदी प्रार्थनेंत वेदीच्या पुनःस्थापनेची विनवणी आजही आहे. सुधारक पंथानें ती गाळली.

कोंकणांतील बेने इस्राएल समाज मात्र पोहे, खोबरें, साखर व फळें यांचा मलिदा करून एलिया संदेष्ट्याच्या नांवें देवाचे आभार मानतो. तेथें रक्त नाहीं; पण हातांतील कांहीं तरी देवापुढें ठेवण्याची ओढ तीच आहे.

वेदी नसतांनाही दोषार्पणाचा पूर्वार्ध आज आचरतां येतो. ज्याचें घेतलें त्याच्या दाराशीं जावें, मूळ रक्कम द्यावी, वर पांचवा हिस्सा ठेवावा. प्रार्थनेला उभें राहण्यापूर्वीं एवढें ज्याच्या हातून घडेल, त्याला 'जवळ येणें' या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाहीं.