प्रमाण चिनी, बोली चिनी आणि परकीय विद्यार्थी



एखाद्याने चिनी भाषा शिकून घेतली, असे आपण सहज म्हणतो. परंतु कोणती चिनी, असे क्वचितच विचारतो. १९५६ मध्ये चीन सरकारने ‘पुतोंगहुआ’, म्हणजेच प्रमाण मँडरिन, देशभर रुजविण्याचा आदेश काढला. बीजिंगचे उच्चार, उत्तरेकडील बोलींचा पाया आणि आधुनिक लोकभाषेतील गद्याचे व्याकरण, अशी तिची घडण. १९५८ मध्ये रोमन अक्षरांतील ‘पिनयिन’ पद्धतीस मान्यता मिळाली. परकीयांसाठी असलेली बहुतेक पाठ्यपुस्तके आज याच पायावर उभी आहेत आणि ते योग्यही आहे. विस्तीर्ण देशात सर्वत्र चालणारे नाणे आधी हाती हवे.

अडचण पुढेच येते. चार सुरांची मँडरिन घोकलेला विद्यार्थी क्वांगचौच्या चहागृहात बसला, की सहा सुरांची कँटनीज त्याच्या कानी पडते. फलकावरील लिपी ओळखीची. शेजारच्या मेजावरील संभाषण मात्र सर्वस्वी अनोळखी! मँडरिनमध्ये आभारासाठी ‘श्येश्ये’ पुरते. कँटनीजमध्ये कुणी काम करून दिले तर ‘म्‌कॉय’ आणि भेट दिली तर ‘तॉचे’. श्रमाचे ऋण निराळे, दानाचे निराळे. कुणी चहा ओतला, की मेजावर बोटे टेकवून कृतज्ञता दाखविण्याची रीतही तिकडे रूढ आहे. बोली वगळून संस्कृती शिकवू पाहणारा अध्यापक हा विवेक कोठून देणार?

ही जाणीव नवी नाही. रॉबर्ट मॉरिसन यांचा कँटनीज शब्दसंग्रह १८२८ मध्ये मकाव येथे प्रसिद्ध झाला. त्या मकाववर १८४४ पर्यंत गोव्यातील पोर्तुगीज सत्तेचा अंमल होता, हे गोमंतकीयांनी ध्यानी ठेवण्याजोगे आहे. हाँगकाँगमध्ये १९६३ साली स्थापन झालेल्या येल-चायना भाषाकेंद्राने तर परकीयांना दोन्ही भाषा शिकविण्याचा पायंडा पाडला.

बोलीभाषकांच्या दृष्टीने हा जिव्हाळ्याचा विषय आहे. २०१० मध्ये क्वांगचौच्या दूरचित्रवाणीवर मँडरिनचा वापर वाढविण्याची सूचना पुढे येताच नागरिक रस्त्यावर उतरले होते.

म्हणून क्रम असा असावा: बोलण्यालिहिण्यास प्रथम प्रमाणभाषा, पाया पक्का झाला, की ज्या प्रांती राहावयाचे तेथील बोली, आधी ऐकण्यापुरती आणि मग बोलण्याची. प्रमाणभाषेने त्या प्रांताचे दार उघडते. माजघरात प्रवेश मिळतो तो बोलीने. घरी एक आणि ग्रंथात दुसरी, अशी दोन वळणे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या गोमंतकीय वाचकांस हे निराळे सांगावयास नको.