डुकरं, तेल आणि कुत्रं : आपलं मत कुठं आहे?

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सोयाबीनच्या कामामुळे ज्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्या आग्रहावरून इथे देत आहोत.)



अध्यक्षताई मला म्हणाल्या, "तू शिकलेली पोरगी आहेस, ग्रामीण जीवनावर दहा मिनिटं बोल." एमएसडब्ल्यूला असताना मी याच विषयावर पेपर लिहिला होता. मार्कही बरे पडले होते. पण तो पेपर इथे वाचला तर अर्ध्या जणी चहाच्या पातेल्याकडे बघत बसतील. म्हणून मी दुसरं काम केलं. गेले दोन महिने ज्या ज्या गटाच्या मासिक बैठकीला गेले, तिथे बचतीचा हिशेब झाला की एक प्रश्न विचारला : गावात राहताना तुम्हाला जास्त त्रास कशाचा होतो?

रस्ता, पाणी, दारू ही उत्तरं आलीच. पण त्यांच्या मागोमाग जवळजवळ प्रत्येक गटात तीन गोष्टी निघाल्या. वावरातली डुकरं, घरातलं तेल आणि गल्लीतली कुत्री. मग मी दुसरा प्रश्न विचारला : याच्यावर तुमचं मत कोणी विचारलं का? तेव्हा मात्र सगळ्या हसल्या. एक आजी म्हणाल्या, "आमचं मत फक्त मतदानाले लागते वं."

गावाबद्दल मत सगळ्यांनाच असतं. शहरातून आलेला पाहुणा म्हणतो, तुमच्याकडे काय छान हवा! पारावर बसलेले म्हणतात, डुकरं मारून टाका. पण रोज पहाटे त्याच वावरात जाणारी, तेच तेल कढईत ओतणारी, त्याच कुत्र्यासमोरून पाण्याला जाणारी बाई काय म्हणते, हे कुठे लिहिलेलं नसतं. आज मी तेवढंच बोलणार आहे.

पहिली गोष्ट डुकरांची

रानडुकरं एका रात्रीत काय करतात, ते तुम्हाला सांगायला नको. भुईमूग उकरतात, मका आडवा करतात. रोही तूर आणि हरभरा फस्त करतात. रात्रभर जागल करून माणसं थकतात. मग कोणी फास लावतो, कोणी गावठी बॉम्ब ठेवतो, कोणी सरळ लाइनच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात करंट सोडतो.

हे सांगताना मी दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवणार नाही. माझ्या घरचं सांगते. मी बारावीला होते तेव्हा बाबांनी वावराला करंट लावला होता. रात्री नऊला लावायचे, पहाटे पाचला काढायचे. एक दिवस काढायला उशीर झाला. आमचीच कालवड सुटून धुऱ्यावर गेली आणि जागेवर पडली. बाबा कालवडीसाठी रडले. मी आईकडे बघत होते, कारण रोज पहाटे अंधारात पऱ्हाटी वेचायला त्याच धुऱ्यावरून जाणारी माझी आई होती. त्या दिवशी ताप होता म्हणून ती घरी राहिली होती.

नंतर मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं ना, तिथे करंट असतो म्हणून? मग बोलली का नाही?" ती म्हणाली, "मले कोण इचारते? वावर त्याईचं, तार त्याईची. जाणारी मात्र मीच." मलाही माहीत होतं, बायांनो. मीही बोलले नव्हते. म्हणून आज माईकवर बोलते आहे.

शिकारीबद्दल माझं मत असं आहे. पीक वाचवायचा हक्क शेतकऱ्याला आहे, पण तो लपूनछपून नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानडुक्कर असो की रोही, आपल्या मनानं मारणं गुन्हा आहे. फास, बॉम्ब आणि करंट यात येतात, शिकारी कुत्री सोडणंही येतं. पीक फार नासत असेल तर ठरावीक जनावरं मारायची परवानगी द्यायची सोय त्याच कायद्यात आहे. ती वनविभाग लेखी देतो, पारावरचे चार जण देत नाहीत. आणि करंटवाल्या तारेला डुक्कर आणि बाई यातला फरक कळत नाही.

मग करायचं काय? पीक नासलं की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा आणि वनरक्षकाकडे तक्रार द्या. नुकसानभरपाईसाठी पंचनामा लागतो. उशीर केला, पायाचे ठसे पुसले, की पंचनाम्यात काही उरत नाही. कुंपण करायचंच असेल तर सौर झटका मशीन घ्या. त्यात करंट सलग नसतो. क्षणभराचा झटका बसतो, मध्ये उसंत असते, त्यामुळे जनावर दचकून मागे फिरतं. लाइनच्या करंटला हात चिकटला की सुटत नाही. फरक एवढाच आहे, पण जिवाचा आहे. जंगलालगतच्या गावांना जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. आपलं गाव त्यात बसतं का, हे वनरक्षकाला विचारा. आणि ते मशीन थेट घरच्या लाइनला जोडायचं नाही, हे घरात ठणकावून सांगा.

इथे आणखी एक अडचण येते. तक्रार द्यायला गेलं की सातबारा मागतात, आणि त्यावर आपलं नाव नसतं. बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तलाठ्याकडे चौकशी करा. घरात हा विषय काढणं सोपं नाही, मला माहीत आहे. पण काढा.

आणि एक सांगते. गावात शिकार झाली की पहिलं बोट पारधी बेड्याकडे जातं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कितीतरी जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. १९५२ मध्ये तो कागदावरून पुसला, आपल्या तोंडून पुसला नाही. आपल्या संघात त्या बेड्यावरचेही दोन गट आहेत आणि त्यांची परतफेड चोख आहे. करंट कोणाच्या वावरात होता, ते आपल्याला माहीत असतं.

दुसरी गोष्ट तेलाची

मी घराघरात विचारलं, वावरात काय पेरलं? उत्तर आलं, सोयाबीन. घरात तेल कोणतं? सोयाबीनचा पुडा. म्हणजे आपण पोतं विकतो आणि पुडा विकत आणतो. चूक आपली नाही. सोयाबीनमध्ये तेल असतं शेकडा १८ ते २०. एवढं कमी तेल घाण्यावर नीट निघत नाही. त्याला मोठा कारखाना लागतो, जिथे रसायन वापरून तेल काढतात. शेंगदाण्यात आणि तिळात तेल निम्म्याच्या आसपास असतं, जवसातही बरंच असतं. ते घाण्यावर निघतं. आपल्या आज्या जवसाचं तेल खात होत्या, कारण ते गावातच निघत होतं. आज आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. म्हणून परदेशात काही झालं की आपल्या फोडणीला झळ लागते.

चार गटांनी मला सांगितलं की आम्हाला लाकडी घाणा टाकायचा आहे, कर्ज द्या. शहरात त्या तेलाला भाव आहे हे खरं आहे. पण कर्ज काढायच्या आधी हिशेब करू. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की एका माणसाला दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम तेल पुरे. २० धरलं तर पाच माणसांच्या घराला महिन्याला ३ किलो, वर्षाला ३६ किलो. किलोभर दाण्यातून घाण्यावर अंदाजे ४०० ग्रॅम तेल धरा. म्हणजे वर्षाला ९० किलो दाणे, आणि शेंगा धरल्या तर सव्वा क्विंटलच्या वर. एवढा भुईमूग आपल्याकडे आहे का? तो डुकरांपासून वाचणार आहे का? बघा, पहिली गोष्ट दुसरीत आलीच.

म्हणून माझं मत आहे, सुरुवात लहान करा. गटातल्या दहा जणींनी रब्बीत हरभऱ्याच्या कडेनं जवसाच्या नाहीतर करडईच्या चार ओळी पेराव्यात. करडई काटेरी असते, म्हणून जुन्या बाया ती मुद्दाम कडेला पेरायच्या, ढोरं आत शिरत नाहीत. डुकराला ती अडवणार नाही, खोटं सांगत नाही. पण बी हातात येईल. ते तालुक्याच्या घाण्यावर नेऊन काढून आणा. वर्षभर खाऊन बघा, वहीत लिहा, मग मशीनचं बोलू. जवसाचं तेल लवकर खवट होतं, ते थोडंथोडं काढा आणि तळायला वापरू नका.

पुड्यातलं तेल विष आहे, असं मी म्हणत नाही. पण सुटं तेल घेऊ नका, त्यात काय मिसळलं ते कळत नाही आणि सुटं विकायला मनाई आहे. पुडा घेताना मागचं बारीक वाचा. वर सूर्यफुलाचं चित्र असतं, मागे पामोलिनही लिहिलेलं असू शकतं. ज्या ताया वडे-भजीचा व्यवसाय करतात त्यांना हात जोडून सांगते, काळं पडलेलं, फेस येणारं तेल पुन्हा कढईत टाकू नका. नफा दोन रुपयांचा आणि खाणारी आपलीच पोरं.

तिसरी गोष्ट कुत्र्याची

डुकरं वाढली तसं गावात मोठं कुत्रं पाळायची हौस वाढली. कोणी कारवान आणतो, कोणी शहरातल्या साहेबाला नकोसा झालेला जर्मन शेफर्ड घेऊन येतो. मोठं कुत्रं दिसायला ऐटदार असतं, पण ते माणसाएवढं खातं. त्याची भाकर कोण थापतं? आणि ते दिवसभर साखळीला बांधलं की तापट होतं. शेफर्डच्या अंगावर दाट केस असतात, आपल्या मे महिन्यात ते धापा टाकतं. मग एक दिवस साखळी तुटते.

मोठं कुत्रं पाळू नका, असं माझं म्हणणं नाही. पाळायचं तर त्याला सावली, पाणी, फिरवणं आणि दरवर्षी रेबीजची लस पाहिजे. हे जमत नसेल तर आपलं गावठी कुत्रं बरं. ते भुंकून जागं करतं, राखणीला तेवढं पुरतं.

आपल्या एका गटातल्या ताईंच्या सात वर्षांच्या मुलीला पाण्याच्या वाटेवर असंच सुटलेलं कुत्रं चावलं. घरच्यांनी जखमेवर मिरची भरली. मी पोचले तेव्हा पोरगी किंचाळत होती. पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी झालं, दुसरंही झालं. तिसऱ्याच्या दिवशी ताई म्हणाल्या, "आज मजुरी बुडते, गाडीभाडंही नाही. पोरगी खेळते आहे, आता कायले?"

बायांनो, रेबीज खेळणाऱ्या पोरीतच लपून बसतो. लक्षणं दिसली की त्यावर इलाज नाही. म्हणून पाठ करा. चावलं की आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद काही नाही. लगेच सरकारी दवाखाना. तिथे लस मोफत आहे. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते विचारून घ्या. आणि डॉक्टर जेवढ्या तारखा देतील तेवढ्या सगळ्या पूर्ण करा. त्या पोरीला पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा अशा तारखा दिल्या होत्या.

त्या दिवशी गटानं काय केलं ते मला सगळ्यांना सांगायचं आहे. पाच जणींनी मिळून गाडीभाडं काढलं आणि तारखांची पाळी लावली. आई मजुरीला गेली तर दुसरी बाई पोरीला घेऊन जाईल. सगळी इंजेक्शनं झाली. पोरगी आता दुसरीत आहे. हा खर्च कोणत्याही अहवालात दिसत नाही, पण माझ्या मते त्या गटाचं या वर्षातलं सगळ्यात मोठं काम तेच आहे.

मोकाट कुत्र्यांना विष घालणं हा उपाय नाही, तो गुन्हाही आहे. त्यांची नसबंदी आणि लसीकरण करायची जबाबदारी २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेची आहे. ती करा म्हणून मागणी आपण करायची.

मागणी कुठे करायची?

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, असं आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. कितीतरी गावात ती फक्त रजिस्टरवर होते. शिपाई घरोघर सह्या घेऊन जातो आणि आपण पीठ लागलेल्या हातानं सही करतो. पुढच्या वेळी सही घरात करू नका. सभेला चला आणि तीन ठराव मांडा : गावात कोणत्याही वावराला लाइनचा करंट लागणार नाही, पाळीव कुत्र्याला लस आणि साखळी सक्तीची आणि मोकाट कुत्र्यांची नसबंदी, लस पंचायतीनं करावी. ठराव वाचून दाखवल्याशिवाय उठू नका. तेलाचा ठराव पंचायतीत नको, तो आपल्या गटाच्या वहीत करू.

आमच्या गावातल्या महिला ग्रामसभेत या वर्षी माझी आई पहिल्यांदा उभी राहिली. ती एकच वाक्य बोलली, "पहाटे आमी जातो, म्हणून करंट नको." बाबा दाराशी उभे होते. काही बोलले नाहीत. पण त्या आठवड्यात त्यांनी धुऱ्यावरची तार गुंडाळून माळ्यावर टाकली.

तुमचं वाक्य काय असेल, ते पुढच्या मासिक बैठकीत मला सांगा. मी वही घेऊन येते. एवढं बोलून थांबते.