कालव्यापलीकडची पुदुच्चेरी



पुदुच्चेरीहून परतलेल्या कुणाचाही मोबाइल उघडा, त्यात एक पिवळी भिंत असतेच. भिंतीवर बोगनवेल, कोपऱ्यावर निळी पाटी, पाटीवर फ्रेंच आणि तमिळ अक्षरं. भिंत देखणी आहे, यात वाद नाही. पण या गावी मी गेली कित्येक वर्षं जात आले आहे आणि दर खेपेला बरोबर निराळी माणसं होती. कधी सासूबाई, कधी शाळेपासूनच्या मैत्रिणी, कधी भाचरं. त्या भिंतीपलीकडचं गाव मला या माणसांमुळे दिसलं. एकटी गेले असते तर समुद्राकाठच्या चार रस्त्यांतच रमले असते.

जायला आपल्याकडून सोयीची गाडी आहे. दादरहून निघणारी चालुक्य एक्सप्रेस पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी करत थेट पुदुच्चेरीला पोचवते. प्रवास लांबचा आहे, दशम्यांचा डबा भरपूर घ्यावा लागतो.

आधी गावाची ठेवण सांगते. पूर्वेला समुद्र. समुद्राला समांतर असे सरळ रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणारे दुसरे. या रस्त्यांच्या मधून उत्तर-दक्षिण एक कालवा जातो. आता त्याला नालाच म्हणायला हवं. कालव्याच्या पूर्वेला, वाऱ्याच्या बाजूला, गोऱ्यांची वस्ती होती आणि पश्चिमेला तमिळ लोकांची. फ्रेंच त्यांना सरळसरळ गोरं शहर आणि काळं शहर म्हणत. पर्यटक उतरतात, जेवतात, फोटो काढतात ते बहुतेक पूर्वेला.

फ्रेंचांनी इथे बस्तान बसवलं १६७४ मध्ये. फ्रान्स्वा मार्तँ हा त्यांचा मुख्य माणूस. १६९३ मध्ये डचांनी गाव घेतलं आणि १६९९ मध्ये परत केलं. सरळ रस्त्यांची आखणी मूळ या डचांची. पुढे १७६१ मध्ये इंग्रजांनी वेढा देऊन गाव जिंकलं आणि फ्रेंचांचा किल्ला, वाडे, सगळं पाडून सपाट केलं. फ्रेंच परतले ते १७६५ मध्ये. म्हणजे आपण जे जुनं फ्रेंच गाव म्हणून पाहतो, ते जवळजवळ सगळं त्यानंतर उभं राहिलेलं आहे. आणि ते उभारणारे गवंडी, सुतार, चुना घोटणारे हात तमिळ होते. हे ध्यानात घेतलं की ती पिवळी भिंतसुद्धा वेगळी दिसायला लागते.

सासूबाईंना तिथे जायचं होतं ते श्रीअरविंदांच्या समाधीसाठी. श्रीअरविंद ४ एप्रिल १९१० रोजी या गावी आले आणि १९५० मध्ये देह ठेवीपर्यंत इथेच राहिले. ब्रिटिशांच्या हाती पडायचं नसेल, तर फ्रेंचांच्या हद्दीत राहायचं, हा तेव्हा क्रांतिकारकांचा मार्ग होता. त्यांच्या आश्रमाच्या अंगणात झाडाखाली समाधी आहे. तिच्यावर रोज ताज्या फुलांची आरास असते. कुणी बोलत नाही. सासूबाई तिथे बराच वेळ बसल्या आणि बाहेर आल्यावर त्यांनी मला विष्णू भास्कर लेल्यांबद्दल सांगितलं. बडोद्यात श्रीअरविंदांना ध्यानाची वाट दाखवणारे हे योगी आपले मराठी. सुरत काँग्रेसच्या धामधुमीनंतर लगेचच, १९०७-०८ च्या हिवाळ्यात, दोघे तीन दिवस एका खोलीत बसले होते.

सुरतेचा विषय निघाला तशी आश्रमातल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला विचारलं, "सुब्रह्मण्य भारतींचं घर पाहिलंत का?" भारती म्हणजे तमिळचे थोर कवी. सुरतेला तेही टिळकांच्या गटात होते. १९०८ मध्ये अटक टाळण्यासाठी ते पुदुच्चेरीला आले आणि १९१८ पर्यंत राहिले. 'इंडिया' हे साप्ताहिक त्यांनी इथून चालवलं. लंडनमध्ये सावरकरांबरोबर असलेले व. वे. सु. अय्यरही पुढे इथेच येऊन राहिले. भारतींचं घर मात्र कालव्याच्या पश्चिमेला. गुडघे दुखत असूनही सासूबाई चालत निघाल्या. टिळकांच्या माणसाचं घर पाहायचं, मग रिक्षा कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी कालवा ओलांडला तो त्यांच्या मागोमाग. पूर्वेकडच्या निवांत रस्त्यांनंतर एकदम फुलांच्या माळा ओवणाऱ्या बायका, सोनारांची दुकानं, सायकलींच्या घंटा, देवळातला नगारा. हा गावाचा खरा संसार.

मैत्रिणींबरोबरच्या खेपेला आमच्यातली एक इतिहासाची शिक्षिका होती. समुद्राकाठी गांधीजींचा उंच पुतळा आहे, त्याच्याभोवती कोरीव दगडी खांब आहेत. ते जिंजीच्या किल्ल्यावरून आणलेले, असं तिथे सांगतात. जिंजी हे नाव ऐकलं आणि ती थांबलीच. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली आणि या भागातला विजापूरचा सरदार शेरखान लोदी याचा पाडाव केला. याच शेरखानाच्या आश्रयाने फ्रेंच इथे बसले होते. मार्तँची अवस्था बिकट झाली. त्याने महाराजांकडे माणूस पाठवून अभय मागितलं आणि ते मिळालं. महाराजांची छावणी किती साधी होती, त्यात बडेजाव नव्हता, हेही मार्तँच्या आठवणींत आलेलं आहे. फ्रेंचांच्या या वसाहतीचं पुढचं आयुष्य त्या अभयावर उभं आहे, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असेल?

दुसऱ्या दिवशी आम्ही जिंजी गाठली. सत्तरेक किलोमीटरचा रस्ता आहे. किल्ल्यातली राजगिरी टेकडी चढताना उन्हाने सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला, पण माघारी कुणी फिरलं नाही. रायगड पडल्यानंतर राजाराम महाराजांनी इथूनच राज्य चालवलं आणि मोगलांचा वेढा वर्षानुवर्षं झुंजवला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात तमिळनाडूतला हा एकच. पुदुच्चेरीला जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने एक दिवस जिंजीसाठी राखावा, असं मला अगदी मनापासून वाटतं. मराठ्यांशी जोडलेली आणखी एक गोष्ट. आज पुदुच्चेरीत मोडणारं कारैकाल फ्रेंचांना १७३९ मध्ये मिळालं ते तंजावरच्या भोसल्यांकडून.

आता ज्या घराने मला हे गाव खऱ्या अर्थाने उघडून दिलं, त्याविषयी. माझ्या यजमानांचे एक तमिळ सहकारी मूळचे तिथले. एका खेपेला त्यांनी आम्हाला घरी नेलं. दारात तांदळाच्या पिठीची रांगोळी, तिला ते कोलम म्हणतात. मग रस्त्याकडेचा ओटा, तिण्णै. वाटसरूने टेकावं, उन्हातून आलेल्याने पाणी मागावं, यासाठी तो बांधलेला. ओट्यावर लाकडी खांब, आत आपल्याकडे असतो तसा आकाशाला उघडा चौक. हे झालं खालचं. मान वर केली की माडीला फ्रेंच कमानी आणि झडपांच्या खिडक्या. खाली तमिळ, वर फ्रेंच, अशी घरं कालव्याच्या पश्चिमेला ठिकठिकाणी दिसतात. मालकाला जे आपलं हवं होतं ते त्याने खाली ठेवलं आणि जे आवडलं ते वर चढवलं.

सहकाऱ्यांच्या आईंनी पितळी पेल्यांतून कॉफी दिली. त्यांचे यजमान फ्रेंच सैन्यात होते, सायगावला. त्यांच्या पश्चात या आजींना फ्रान्सकडून पेन्शन येते. फ्रान्सशी हे नातं टिकलं कसं, ते सांगते. १९५४ मध्ये कीळूर इथे लोकप्रतिनिधींचं मतदान झालं. १७८ जणांपैकी १७० जणांनी भारतात विलीन होण्याचा कौल दिला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला. कायद्याने हस्तांतर झालं ते मात्र १६ ऑगस्ट १९६२ रोजी. त्या वेळी लोकांना फ्रेंच नागरिकत्व राखण्याची मुभा होती. आजींच्या घराने ते राखलं, शेजारच्या घराने नाही. मधली भिंत एकच. आजी फ्रान्सच्या निवडणुकीत मत देतात आणि पोंगलला चौकात दूध उतू घालतात. मी त्यांना विचारलं, तुम्ही नक्की कुठल्या? त्या म्हणाल्या, "या गल्लीतली."

निघताना सहकाऱ्यांनी आम्हाला आनंद रंग पिळ्ळै यांच्या वाड्यावरून नेलं. हे फ्रेंच गव्हर्नर दुप्लेक्सचे दुभाषी, मोठे व्यापारी. १७३६ पासून जवळजवळ मरेपर्यंत त्यांनी तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. बाजारभाव, जहाजं, दरबारी कानगोष्टी, सगळं तिच्यात आहे. १७४८ मध्ये इंग्रजांच्या वेढ्याच्या वेळी फ्रेंचांनी वेदपुरीश्वराचं जुनं देऊळ पाडलं. तेही रंग पिळ्ळैंनी लिहून ठेवलं आहे, जड मनाने. देऊळ पुढे दुसऱ्या जागी पुन्हा बांधलं गेलं. फ्रेंच काळाच्या गोड गोष्टी सांगणाऱ्यांनी ही रोजनिशी चाळावी. फ्रेंचांची सत्ता सुसंस्कृत होती आणि इंग्रजांची तेवढी वाईट, असं बोलायची आपल्याला सवय आहे. एका गावाचे काळं आणि गोरं असे दोन तुकडे करणारी सत्ता कुठल्या भाषेत बोलत होती, याने काय फरक पडतो?

भाचरांना हे सगळं जड जातं, म्हणून त्यांना मी ल जांती या खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना पाहायला तो १७६० मध्ये फ्रान्सहून पुदुच्चेरीला निघाला. वाटेतच कळलं की गाव इंग्रजांकडे गेलं. १७६१ चं अधिक्रमण त्याला समुद्रात, हलत्या जहाजावर गाठावं लागलं, मोजमाप जमेना. पुढच्या अधिक्रमणासाठी तो आठ वर्षं या बाजूच्या समुद्रांत राहिला, पुदुच्चेरीला येऊन त्याने वेधशाळा उभारली, आणि ४ जून १७६९ च्या सकाळी नेमके ढग आले. भाचीचे डोळे भरले. मग मी पुढचं सांगितलं. इथल्या मुक्कामात तो तमिळ पंचांगकर्त्यांकडून ग्रहणं वर्तवण्याच्या रीती शिकला आणि त्यांवर त्याने फ्रान्समध्ये लिहिलं. शुक्र हुकला, पण कालव्यापलीकडची विद्या घेऊन तो गेला.

तीच भाची आता वास्तुकला शिकते आहे. ती म्हणते, पूर्वेकडच्या इमारतींना रंग लागतो, पाहुणे उतरतात, पैसा येतो. पश्चिमेकडची ओट्यांची घरं वाटण्या झाल्या की पाडली जातात आणि तिथे काचेच्या दर्शनी भागाची दुकानं येतात. वारसा जपणाऱ्या इनटॅक या संस्थेने वैश्याळ रस्त्यावर काही घरं नीट दुरुस्त करून दाखवली, त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे करता येतं. पण हे घरमालकाच्या एकट्याच्या खिशाला झेपणारं काम नाही आणि सरकारने यात ठामपणे उतरायला हवं.

आजींच्या डावीकडचं घर मागच्या पावसाळ्यात पडलं. त्यांच्या घराचा नकाशा कागदावर कधी निघालेलाच नाही. म्हणून येत्या पोंगलला आम्ही पुन्हा निघतो आहोत. भाची आणि तिच्या दोन वर्गमैत्रिणी मोजपट्ट्या घेऊन येणार आहेत. ओटा, चौक, माडी, एकेका खांबाचं माप घेऊन त्या घराचा पुरा आराखडा काढणार आहेत आणि एक प्रत घरच्यांकडे ठेवणार आहेत. जाऊबाईंनी तिघींच्या डब्याची जबाबदारी घेतली आहे, मी मापं टिपायला बसणार आहे. मिरजेहून तिकिटं काढून झाली आहेत.