बिशप आर्थर ल्यूथर : नाशिकपासून कुष्ठरोग्यांपर्यंत

नाशिकचा शरणपूर रोड तुम्ही शॉपिंगसाठी पालथा घातला असेल. पण शरणपूर म्हणजे मुळात ख्रिस्ती मिशनची वसाहत. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली. तो वेगळाच एपिसोड आहे, करू कधीतरी. आज बोलूया आर्थर विल्यम ल्यूथर यांच्याबद्दल. 1957 ते 1970, नाशिकचे अँग्लिकन बिशप.

बिशप म्हणजे एका मोठ्या भागातल्या सगळ्या चर्चचे आणि पाळकांचे प्रमुख. 1929 मध्ये मुंबईपासून वेगळं होऊन नाशिकचं धर्मप्रांत झालं. पहिले बिशप इंग्रज होते, फिलिप लॉइड. ल्यूथर मात्र इथलेच, नागपूर विद्यापीठात शिकलेले.

आता खरी गंमत ऐका. नगर जिल्ह्यात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशन होतं. त्यांच्याकडे बिशप हे पदच नव्हतं! अँग्लिकन मिशन मागाहून आलं, बिशपसकट. म्हणजे बायबल तेच, ना. वा. टिळकांची भजनं तीच, पण चर्च दोन. का? तर एकांचे मिशनरी लंडनचे, दुसऱ्यांचे बोस्टनचे. आपल्या माणसांनी ही भांडणं अक्षरशः आयात केली होती, असं मला तरी वाटतं.

सगळ्यांनी एक व्हायचं, यावर लखनौला बोलणी सुरू झाली तीही 1929 मध्येच. संपायला 41 वर्षं लागली! कशावर अडलं? एक प्रश्न असा, की ज्या पाळकाला बिशपने दीक्षा दिलेली नाही, तो खरा पाळक का? तोडगा भारी होता. सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. कोणाची दीक्षा आधी अपुरी होती, हे कोणीच बोलायचं नाही. म्हणजे बिशपनेही मान झुकवायची, आणि तीसुद्धा ज्यांना कधी बिशपने नेमलंच नव्हतं त्यांच्यासमोर. सोपं नव्हतं हो. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट तर अगदी शेवटच्या महिन्यांत बाहेर पडले.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्च एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. बाळाचा बाप्तिस्मा की मोठेपणी? दोन्ही चालेल, असं ठरलं. ज्या अँग्लिकन चर्चने ल्यूथर यांना बिशप केलं, ते चर्च त्या दिवशी त्या नावाने उरलं नाही.

त्याच वर्षी ते मुंबईचे बिशप झाले. मोठं शहर, मोठं पद. आणि 1973 मध्ये ते पद सुटलं. पुढे काय, तर लेप्रसी मिशनमध्ये सेक्रेटरी. कुष्ठरोग्यांसाठी काम करणारी ही संस्था 1874 पासूनची आहे. आजच्यासारखे एकत्रित औषधांचे कोर्स तेव्हा यायचे होते. डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागत. आणि बरा झालेला माणूस घरी परतला, तरी त्याला पाण्याचा तांब्या वेगळाच मिळायचा.