घर धरून ठेवणारा चुलता
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी संस्थापकांचे, दानशूरांचे आणि विद्वानांचे स्मरण होते, ते उचितच आहे. परंतु ज्याचे नाव कोणत्याही कोनशिलेवर नसते, असाही एक पुरुष बहुतेक घरांत होऊन गेलेला असतो. कोणी त्याला काका म्हणते, कोणी तात्या, कोणी अण्णा. दुकानाच्या वाटणीत त्याचा शब्द अखेरचा असतो, पुतणीच्या लग्नात धावपळ त्याची असते आणि भावाभावांत अबोला आला तरी दोन्ही घरांत त्याचे ताट मांडले जाते. वडील घर उभे करतात. चुलता ते धरून ठेवतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हा चुलता होय.

धरून ठेवणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर धाराशिव जिल्ह्यातच, भूम तालुक्यातील कुंथलगिरी सिद्धक्षेत्रावर सापडते. कुलभूषण आणि देशभूषण या दोन मुनींची ही निर्वाणभूमी. पद्मपुराणातील कथेनुसार हे दोघे राजपुत्र बालपणीच विद्याभ्यासासाठी गुरूच्या स्वाधीन झाले. शिक्षण पूर्ण करून तरुणपणी नगरात परतताना प्रासादाच्या गवाक्षात त्यांना एक कन्या दिसली. दोघांचेही मन तिच्यावर गेले आणि सख्ख्या भावाविषयीच मनात वैर उभे राहिले. तेवढ्यात स्तुतिपाठकाच्या मुखातून कळले की, ती कन्या त्यांचीच बहीण आहे. लज्जेने आणि पश्चात्तापाने दोघांना वैराग्य आले. पुढे घोर उपसर्ग सहन करून ते केवलज्ञानी झाले.

ही कथा वैराग्याची म्हणून सांगितली जाते आणि ती तशीच आहे. तथापि गृहस्थाने तिच्यातून आणखी एक बोध घ्यावा. राजपुत्र विद्वान होते, कुलीन होते, मनाने दुष्ट नव्हते. त्यांना आपली बहीण ठाऊक नव्हती, एवढेच उणे होते. गुरुगृही त्यांना सर्व विद्या मिळाल्या. घरात कोण कोणाचे, हे सांगणारे मात्र तेथे कोणी नव्हते. अनर्थ टळला तो एका ओळखीने. चुलता घरात जन्मभर हेच काम करीत असतो. ही तुझी बहीण, हा तुझा भाऊ, ही त्याची अडचण, असे तो सांगत राहतो.

याच कुंथलगिरीवर १८ सप्टेंबर १९५५ रोजी चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागरजी महाराजांनी ३६ दिवसांच्या सल्लेखनेनंतर देह ठेवला. आचार्य म्हणून ते सर्वांना वंदनीय आहेतच. दीक्षेपूर्वी मात्र ते बेळगाव जिल्ह्यातील भोज गावच्या पाटील घराण्यातील सातगौडा होते. आदिगौडा आणि देवगौडा हे थोरले भाऊ, कुमगौडा धाकटे आणि कृष्णाबाई ही बहीण. नवव्या वर्षी झालेला विवाह पत्नीच्या अकाली निधनाने संपला. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. दीक्षेची ओढ तरुणपणीच लागली होती. परंतु आई-वडील असेपर्यंत घरी राहावे, ही वडिलांची इच्छा त्यांनी मानली. ज्याला स्वतःचा संसार नव्हता, तो दुसऱ्यांच्या संसारात वयाच्या चाळिशीपर्यंत राहिला.

तो कसा राहिला, हे चरित्रकारांनी सांगितले आहे. कापडाचे दुकान मुख्यतः कुमगौडा पाहत. ते बाहेर गेले की सातगौडा दुकानात बसत. गिऱ्हाईक आले की, कापड तूच मोजून घे, वहीत तूच लिही, असे ते सांगत. शेतात पाखरे धान्यावर उतरली तर ती हाकलत नसत. उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवीत. घराला ज्याचा आधार वाटतो, त्याच्या हातात तिजोरीची किल्ली असावीच लागते असे नाही. स्वतःसाठी काही न मागणाऱ्याचा शब्द सर्वांनाच मानावासा वाटतो.

आई-वडिलांचे कर्तव्य पूर्ण झाल्यावरच त्यांनी उत्तूर येथे क्षुल्लकदीक्षा आणि १९२० मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा घेतली. पुढे थोरले बंधू देवगौडा त्यांच्याच चरणी दीक्षित होऊन मुनी वर्धमानसागर झाले. वयाने मोठ्या भावाने धाकट्याला गुरू मानावे, याहून त्या घरातील विश्वासाची दुसरी साक्ष कोणती?

हे चुलतेपण एका घरापुरतेच राहते असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. कित्येक मुलांच्या डोक्यावरचे छत्र गेले. त्या वेळी श्री. शांतिलालजी मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली. त्या मुलांची जात-धर्म विचारली गेली नाही. रक्ताचा चुलता उरला नाही तेथे समाज चुलता झाला.

आज अनेक घरांतील मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुणे, मुंबई, बंगळूर येथे, काही तर परदेशी आहेत. त्यांचे जाणे योग्यच आहे. राजपुत्रही गेलेच होते. प्रश्न एवढाच की, चुलत भावंडे मोठेपणी समोरासमोर आली तर एकमेकांना ओळखतील काय? क्षमावाणीचा संदेश मोबाइलवर शेकडो जणांना एका क्षणात जातो; ज्या भावाशी खरोखर अबोला आहे, नेमका तोच त्यातून राहून जातो. पूर्वी अशा वेळी काका उठत, एकाला हाताला धरून दुसऱ्याच्या दारात नेत आणि स्वतः ओट्यावर बसून राहत.

असे काका ज्यांना लाभले, त्यांनी त्यांच्या तसबिरीला हार अवश्य घालावा. पण ऋण तेवढ्याने फिटत नाही. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्व पुतण्या-पुतणींना एका पंगतीत बसवावे. घराण्याची नावे, नाती आणि गावे एका वहीत लिहून ठेवावीत. आणि यंदाच्या क्षमावाणीला संदेश न पाठविता, ज्या दारात पाऊल टाकणे जड जाते त्याच दारात प्रथम जावे. जो जाईल, तोच त्या घराचा पुढचा चुलता.

जय जिनेंद्र.